बागलाणचा जानकू

जानकूभाऊजींना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या लग्नाच्या दिवशी. पाहुणे जेवून पांगले होते, मंडपवाला खुर्च्या एकात एक घालत होता, आणि एका कोपऱ्यात हा सडपातळ, उन्हाने रापलेला माणूस माझ्या नवऱ्याला फैलावर घेत होता.

"तू खानदेशाला फशिवलं," तो म्हणत होता. "आदी सोनं धाडलं, मग लेक दिली, आन शेवटाला अख्खा गिळून बसला."

मी नवी नवरी. लेक कोणाची, सोनं कसलं, काही कळेना. आपण कोणाच्या घरात पडलो, असं वाटलं. घरी आल्यावर विचारलं तर रत्नदीप पोट धरून हसला. म्हणाला, "अगं, गेम आहे तो. कॉम्प्युटरवरचा. आणि तो माझा दोस्त जानकू, घाटघरचा."

दोघं जुन्नरला कॉलेजात असताना एका खोलीत राहायचे. एक स्टोव्ह, एक तवा आणि इतिहासाची पुस्तकं दोघांत मिळून एक. बी. ए. झाल्यावर रत्नदीपने आळेफाट्यावर कॅमेऱ्यांचं आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. बिबट्यांमुळे आमच्याकडे मळ्यातल्या घराघराला कॅमेरे लागतात, त्यामुळे दुकान चाललं. जानकूभाऊजी मात्र वर, आपल्या गावाला परत गेले. वडील हिरड्याच्या झाडावरून पडून गेले तेव्हा ते शाळेत होते. आई अंबाबाईने भाताच्या चार खाचरांवर आणि नाचणीवर त्यांना वाढवलं, शिकवलं. तिला एकटं टाकून खाली यायला त्यांचं मन घेईना. काही वर्षं एका आश्रमशाळेत कंत्राटी कॉम्प्युटर ऑपरेटर होते. कंत्राट संपलं, तेव्हा मायलेकांनी नाणेघाटात फिरायला येणाऱ्यांना जेवण करून घालायला सुरुवात केली. नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा. शनिवार-रविवार त्यांना मान वर करायला फुरसत नसायची. मंगळवारी आमचं दुकान बंद. म्हणून ते मंगळवारी यायचे, मोटारसायकलवरून, जुन्नर, ओतूर करत पिंपरी पेंढारला आमच्या घरी. पिशवीत कधी करवंदं, कधी हातसडीचे तांदूळ, आणि रत्नदीपने जुने भाग जोडून त्यांना करून दिलेला लॅपटॉप.

पुढच्या खोलीत खिडकीशी माझं शिलाई मशीन. मी गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवते. माझ्यासमोरच्या टेबलावर रत्नदीप आणि सतरंजीवर मांडी घालून जानकूभाऊजी. मशीन चालवता चालवता मला तो गेम न खेळताच यायला लागला.

नकाशा उघडला की पाचसहाशे वर्षांपूर्वीचं जग समोर यायचं. प्रत्येक राज्याला वेगळा रंग. रत्नदीप बहमनी घ्यायचा. मोठा मुलूख, भरलेला खजिना. जानकूभाऊजी घ्यायचे बागलाण, नाशिकच्या वरच्या अंगाला साल्हेर-मुल्हेरच्या डोंगरांत दडलेलं, नकाशावर बोटाच्या पेराएवढं.

"इतकं बारकं का घेता हो भाऊजी?" मी एकदा विचारलं.

"वहिनी, मोठं कुनीबी सांभाळतंय," ते म्हणाले. "बारकं टिकवायचं म्हंजी झोप उडती."

रत्नदीपला लढाया आवडायच्या नाहीत. त्याचा हात होता तो लहान राज्यांना मांडलिक करून घेण्यात. आधी तो असं एखादं राज्य हेरायचा ज्याच्या शेजारी कोणीतरी दांडगा बसलाय. तिथे दूत पाठवायचा. मग जाहीर करायचा की याच्या अंगाला हात लावाल तर गाठ माझ्याशी आहे. मग नजराणा, मग सोयरिक. मग गप्प बसायचं. त्या राज्याच्या मनात आपल्याबद्दल किती भरवसा आहे आणि शेजाऱ्याची किती भीती आहे, ते पडद्यावर आकड्यांत दिसायचं. भरवसा आणि भीती दोन्ही पुरेशी वाढली की तो हळूच प्रस्ताव ठेवायचा. तुमचा राजा राहील, झेंडा राहील, देवळं राहतील. वसुलीतला वाटा तेवढा द्या आणि माझ्या लढायांत माझ्या बाजूने या. ते राज्य चालवणारा कॉम्प्युटर हो म्हणायचा. पुढे बरीच वर्षं गेली की एक दिवस रत्नदीप त्याला विलीन करून टाकायचा. तो रंग नकाशावरून पुसला जायचा आणि तिथे बहमनीचा रंग पसरायचा. खानदेशाचं असंच झालं होतं.

गिऱ्हाइकांशीही रत्नदीप असाच बोलायचा. दोन कॅमेरे घ्यायला आलेला शेतकरी चहा पिऊन चार घेऊन जायचा आणि वर त्याला उपकार झाल्यासारखं वाटायचं. एकाच माणसापुढे त्याची मात्रा चालली नाही.

"गुजरात तुझ्या शिवेवर येऊन बसलाय, जानकू. माझ्या छत्राखाली ये."

"छत्री हाय माझ्याकडं. घाटघरचा मानूस छत्रीबिगर भायेर पडत न्हाई."

"तुझा किल्ला तुझाच राहील. मी लिहून देतो."

"खानदेशालाबी हेच सांगितलं व्हतंस. कुठंय खानदेश? दाव बरं नकाशात."

"अरे, त्याची गोष्ट वेगळी होती."

"त्याला कुनी इचारलं का, येगळी व्हती का म्हनून?"

माझ्या सासूबाई द्रौपदाबाई आतून चहा घेऊन यायच्या आणि वैतागायच्या. "दे की रे त्याला काय मागतोय ते. चहाचं पानी झालं."

"मावशी, तुमी मागा, आत्ता देतो. ह्याला न्हाई."

एकदा रत्नदीपचं डोकं फिरलं आणि त्याने सरळ बागलाणवर फौज घातली. जानकूभाऊजींनी मैदानात एक शिपाई उभा केला नाही. सगळे साल्हेरवर नेऊन बसवले आणि स्वतः सतरंजीवर आडवे होऊन शेंगा खात बसले. बहमनीची फौज किल्ल्याखाली वर्षानुवर्षं पडून राहिली, रोगराईने निम्मी झाली, खजिना आटला, तिकडे दक्षिणेत बंड झालं. शेवटी रत्नदीपला वेढा उठवावा लागला. त्या दिवशी तो चहा होईपर्यंत कोणाशी बोलला नाही. जानकूभाऊजी जाताना मला दारात म्हणाले, "वहिनी, राजं नाराज हायेत. रातच्याला जरा गोड करा."

हे गेमपुरतंच नव्हतं. रत्नदीप त्यांना कितीदा म्हणाला असेल, दुकानात ये, तुला काम येतं, मला विश्वासाचा माणूस पाहिजे, वर एक खोली रिकामी आहे. भाऊजी दर वेळी हसून विषय बदलायचे. मी एकदा एकटी असताना विचारलं, तेव्हा मात्र सरळ बोलले. "वहिनी, आज मी आलो की तो उठून पानी देतो. उद्या मी त्याच्याकडं कामाला ऱ्हायलो, तर मला उठावं लागंल. त्याच्या मनात तसं काय न्हाई, ठावं हाय मला. पर व्हतं तसं."

मग एका दिवाळीनंतर ते दोन मंगळवार आले नाहीत. तिसऱ्या मंगळवारी आले तेव्हा चपलेच्या पट्ट्याचे वळ पायावर उमटलेले होते, चेहरा सुजलेला. ओट्याच्या पायऱ्या चढून येताना दोनदा थांबले. सासूबाईंनी पायावर बोट दाबून पाहिलं; खड्डा पडला तो भरूनच येईना. दुसऱ्या दिवशी रत्नदीप त्यांना मंचरच्या दवाखान्यात घेऊन गेला. दोन्ही किडन्या जवळजवळ निकामी झाल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलं, आठवड्यातून दोनदा डायलिसिस, आणि किडनी मिळाली तर बदलता येईल.

अंबामावशी लगेच म्हणाली, माझी घ्या. तिची तपासणी झाली. तिला साखरेचा आजार होता आणि तिलाच तो माहीत नव्हता. तिची किडनी घेता येणार नाही असं सांगितलं, तेव्हा ती डॉक्टरांना म्हणाली, "मंग दोनी घ्या, साहेब. एकानं न्हाई भागत तर दोनी घ्या." दवाखान्यातल्या बाकावर रत्नदीपने तिला धरून बसवलं. तो तिथून आला आणि आमच्या मोरीत जाऊन बराच वेळ तोंडावर पाणी मारत होता.

घाटघरहून मंचर म्हणजे पहाटेची गाडी, जुन्नरला दुसरी, मग तिसरी, आणि डायलिसिस झाल्यावर अंगात त्राण नसताना तोच प्रवास उलटा. "आमच्याकडे राहा," रत्नदीप म्हणायचा. भाऊजी म्हणायचे, "बघू." एकदा परतताना जुन्नरच्या स्टँडवर चक्कर येऊन पडले. तिथल्या पानवाल्याने फोनमधला शेवटचा नंबर लावला, तो आमचा होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं घाटघरला गेलो. रत्नदीप वाटभर समोर रस्त्याकडे बघत गाडी चालवत होता. मला वाटलं, मनातल्या मनात जुळवणी करत असेल, कसं सुरू करायचं, कशाची भीती घालायची, कशाचा भरवसा द्यायचा. पण घरात शिरला आणि चुलीपुढे बसला तो नुसता बसून राहिला. अंबामावशीने काळा चहा दिला. तो पिऊन झाल्यावर म्हणाला, "जानकू, चल."

"आईचं काय?"

"आईसकट चल."

अंबामावशीनेच पदर खोचला. "म्हस भावाच्या गोठ्यात बांधते," ती म्हणाली. "जानकू, कापडं घे."

चार-पाच महिने ती दोघं आमच्याकडे होती. सुरुवातीला अंबामावशीला आमच्या घरात बसायला जागाच सापडेना. खुर्चीवर अवघडायची, पंख्याखाली झोप यायची नाही, न सांगता भांडी घासून ठेवायची. सासूबाईंनी तिला दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी चाळीत साठवलेला कांदा निवडायला बरोबर नेलं. संध्याकाळी दोघी परत आल्या त्या एकमेकींना अगंतुगं करतच. पुढे त्या दोघींची एक वेगळीच दुनिया झाली. सासूबाई बुद्धवंदना म्हणायच्या तेव्हा अंबामावशी मागे हात जोडून बसायची. मावशीचा कधी उपास असला की सासूबाई तिच्यासाठी भगर शिजवून ठेवायच्या. डायलिसिसच्या दिवशी मात्र दोघी काही करायच्या नाहीत. सकाळी रत्नदीप भाऊजींना गाडीत घालून न्यायचा आणि तो परत आणीपर्यंत दोघी ओट्यावर रस्त्याकडे तोंड करून बसायच्या.

गेम आधी बंदच होता. भाऊजींनीच एकदा विषय काढला. "बागलाणचं काय चाललंय रं?" रत्नदीपला तेवढंच पाहिजे होतं. त्याने त्यांच्यासाठी गादीवर लोड लावला, लॅपटॉपखाली पाट ठेवला. डाव्या हाताला डायलिसिसच्या सुयांसाठी शीर तयार केली होती, त्या हातावर भार द्यायचा नव्हता, म्हणून एका हाताने खेळायचे. रत्नदीप दुपारी दुकान माणसावर सोपवून यायला लागला. तो आता वाईट खेळत होता. मला कळायचं ते. गुजरातवर उगाच चालून जायचा आणि बागलाणला मोकळं करायचा. भाऊजींना ते कळत नसेल असं कसं म्हणू? पण दोघंही तसेच खेळत राहायचे.

फाल्गुनातली दुपार होती. मी एका ब्लाउजच्या गळ्याला पट्टी लावत होते. कॉम्प्युटरवर टिंग असा आवाज झाला. कोणाचा दूत आला की तो आवाज यायचा. रत्नदीपने पाहिलं आणि त्याचा हात माउसवरच थांबला.

"हे काय?"

"वाच की," भाऊजी म्हणाले.

"वाचलं. हे काय म्हणून विचारतोय."

"बागलाण मांडलिक व्हायला तयार हाय. घे."

माझं मशीन थांबलं. रत्नदीपने नकाराचं बटण दाबलं. ते मला त्याच्या मनगटावरून कळलं. थोड्या वेळाने पुन्हा टिंग झालं. पुन्हा त्याने नकार दिला.

"इतकी वर्सं माझ्या मागं लागला व्हतास," भाऊजी म्हणाले. त्यांचा आवाज अगदी साधा होता, बाजाराला काय आणायचं विचारावं तसा. "आता देतोय तर घेईनास."

"तू लढ की. साल्हेरवर जाऊन बस. मी येतो वेढा घालायला. ये म्हण."

"लढायला शिपाई लागत्यात, राव. बसून बसून किती बसू किल्ल्यावर?"

"मला नको तुझं राज्य."

"आईक," भाऊजी म्हणाले. त्यांनी लॅपटॉप पाटावरून थोडा बाजूला सारला. "मी उठून गेल्यावर त्याला कॉम्प्युटर चालवनार. त्याला काय कळतंय बागलाणचं? कुनीबी येऊन गिळंल. त्यापरीस तुझ्याकडं बरं. तू सांभाळशील. फकस्त खानदेशासारखं करू नको."

रत्नदीप माझ्याकडे वळला. मी काहीतरी बोलावं असं त्याला वाटत होतं. मी हातातली पट्टी उसवत बसले, ती बरोबर लागली होती तरी.

तिसऱ्यांदा टिंग झालं. या वेळी त्याने होकार दिला. गेममध्ये तुताऱ्या वाजल्या, कोणी मांडलिक झालं की नेहमी वाजतात तशा, आणि नकाशावर बागलाणच्या रंगात बहमनीचे पट्टे उमटले. रत्नदीप उठून बाहेर गेला. मी खिडकीतून पाहिलं. तो अंगणातल्या पाण्याच्या टाकीला कपाळ लावून उभा होता. भाऊजी लोडावर डोकं टेकून मला म्हणाले, "वहिनी, त्याला चहा द्या. साखर जरा जादा घाला."

चैत्र संपता संपता भाऊजींना ताप भरला. सुयांच्या जागेवरून रक्तात जंतू गेले होते. मंचरच्या डॉक्टरांनी पुण्याला न्यायला सांगितलं. त्याच संध्याकाळी भाऊजी म्हणाले, "मला घरी न्या."

त्या दिवशी रत्नदीपने जितकं त्यांना पटवलं तितकं आयुष्यात कोणाला पटवलं नसेल. आधी समजुतीने, मग रागाने. पुण्यात ओळखी आहेत म्हणाला, नवीन औषधं आहेत म्हणाला, नंबर लागला की किडनी मिळेल म्हणाला. आईचं काय होईल म्हणाला. भाऊजी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "तुझं सगळं खरं हाय. पर मला माझ्या वट्यावर बसायचंय."

मग रत्नदीपने अंबामावशीकडे पाहिलं. तिने आधीच गाठोडं बांधायला घेतलं होतं. रडत होती आणि बांधत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे निघालो. मागच्या सीटवर भाऊजी आईच्या मांडीवर डोकं ठेवून होते. आपटाळ्याच्या पुढे डोंगर जवळ आले तसे त्यांनी उठून बसायचा हट्ट धरला. जीवधन किल्ला दिसला तेव्हा काच खाली घ्यायला लावली. ऊन कडक होतं, सगळे डोंगर वाळून पिवळे पडलेले, बघण्यासारखं तिथे काही नव्हतं. ते मात्र बघत राहिले.

आठवड्याच्या आत गेले. सकाळी ओट्यावर बसवलं होतं, भिंतीला टेकून. अंबामावशी पेज आणायला आत गेली, बाहेर आली, तोवर संपलं होतं. रत्नदीप तिथेच होता. दुकान बंद ठेवून सगळे दिवस त्यांच्यापाशीच बसून होता. गावच्या माणसांनी सरण रचलं, भावकीतल्या एकाने पाणी दिलं. खांदा देताना रत्नदीप पुढे झाला तेव्हा एका म्हाताऱ्याने विचारलं, "हे कोन?" अंबामावशी म्हणाली, "माजा दुसरा."

घरी आल्यावर किती तरी दिवस त्याने कॉम्प्युटरवरचं कापड काढलं नाही. एका मंगळवारी काढलं. मी कपडे वाळत घालून आत आले तेव्हा गेम चालू होता. बहमनीची फौज कुठेतरी निघाली होती आणि तिच्या मागोमाग बागलाणचं छोटंसं सैन्य चाललं होतं, कॉम्प्युटर चालवतो तसं, आज्ञाधारकपणे. रत्नदीपने फौज डावीकडे वळवली. ते डावीकडे वळलं. थांबवली. तेही थांबलं. त्याने पुन्हा एकदा वळवून पाहिली.

"हा जानकू न्हाई," तो म्हणाला. तो एरवी घरात असं बोलत नाही. ते जुन्नरच्या खोलीतलं, त्या दोघांतलं बोलणं होतं. त्याने गेम बंद केला. रडला तेव्हा मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. त्यानंतर तो गेम त्याने उघडलेला मी पाहिला नाही.

मग त्याने अंबामावशीच्या मागे लकडा लावला. आमच्याकडे येऊन राहा. पावसाळाभर दर पंधरवड्याला तो वर जायचा. साखर किती झाली ते तपासायचा, गोळ्या द्यायचा आणि तेच सांगायचा. ती ऐकायची, त्याला जेवू घालायची आणि म्हणायची, "भात लावलंय बाबा. भात सोडून कुटं येऊ?" गावातल्या बायकांनी तिला लावणीला मदत केली होती. काढणीला कोण करेल, झोडणीला कोण करेल, याची रत्नदीपला काळजी. तो परत आला की चिडचिड करायचा. "एकटी बाई, डोंगरात, साखर वाढलेली. का ऐकत नाही?"

एका संध्याकाळी सासूबाई भाकऱ्या थापत हे ऐकत होत्या. तव्यावरची भाकरी उलटून म्हणाल्या, "ती येत न्हाई ना? मग मला सोड तिकडं."

"तुला? आई, तुझे गुडघे..."

"गुडघे काय तिकडं दुखायचे आन हितं न्हाई दुखायचे? काढनी व्हईस्तोवर ऱ्हाते."

रत्नदीपने समजावून पाहिलं. सासूबाईंनी ट्रंकेतून गरम शाल काढली आणि दोन लुगडी पिशवीत भरली. तो त्यांना घाटघरला सोडून आला. वर फोनला रेंज नसते. एका टेकाडावर चढलं तर मिळते. तिथे सासूबाई चढणार कशा? म्हणून त्या दिवसांत आम्हाला काही कळायचं नाही. दिवाळी झाली आणि मी दोघींसाठी शिवलेले ब्लाउज घेऊन एस.टी.ने वर गेले.

घरात कोणी नव्हतं. दोघी मागच्या खळ्यावर होत्या. अंबामावशी भाताची पेंढी दगडावर झोडत होती आणि सासूबाई खाली ताडपत्रीवर पाय लांब करून बसून दाणे गोळा करत होत्या. मला पाहून दोघींनी नुसती मान हलवली; हातातलं काम सोडलं नाही. मी कडेला बसले. पेंढ्यांमागून पेंढ्या झोडून झाल्या. ढीग बराच झाला तेव्हा मावशीने घाम पुसला आणि मागे वळून न बघता, घराकडे हाक मारली, "जानकू, सूप आन रं."

हाक तोंडातून गेली आणि तिचं तिलाच कळलं. ती उभीच राहिली, हातातली रिकामी पेंढी तशीच धरून. मला वाटलं, आता ही खाली बसेल. मी उठायला लागले. सासूबाईंनी हातानेच मला थांबवलं. गुडघ्यावर हात देऊन त्या सावकाश उठल्या, घरात गेल्या आणि सूप घेऊन आल्या. मावशीपुढे धरलं.

मावशीने ते घेतलं. थोडा वेळ त्यात काहीच घातलं नाही. मग वाकली, ओंजळीने भात घातलं आणि वाऱ्याकडे पाठ करून पाखडायला लागली. भूस सासूबाईंच्या पदरावर उडत होतं. त्यांनी पदर झटकला नाही.